बाणूबाईच्या डोक्यातले दोन फुगे

मी मेंदूत काम करतो. म्हणजे हैदराबादेत, तिसऱ्या मजल्यावर, खुर्चीत बसून. पण कामाची जागा मेंदू. बिदरला मेकॅनिकल शिकलो ते गाड्यांची इंजिनं करायची म्हणून. नोकरी लागली ती पाइपांतून पाणी कसं वाहतं याचं गणित करणाऱ्या कंपनीत. पुढं एका मोठ्या दवाखान्यानं कंपनीला विचारलं, पाण्याच्या जागी रक्त चालेल का. कंपनी म्हणाली, चालेल. एवढ्यावर माझं खातं बदललं.

मेहकरला, म्हणजे भालकी तालुक्यातल्या माझ्या गावात, हे अजून कुणाला पटलेलं नाही. तिथं मी पाइपवालाच. कुणाच्या बोअरचं पाणी आटलं की मला फोन येतो, आणि मी मेंदू सोडून अर्धा तास मोटारीबद्दल बोलतो.

काम सांगायला सोपं आहे. मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीची भिंत कमजोर होते आणि तिथं बारीक फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. पुष्कळ फुगे जन्मभर गप बसतात. एखादा फुटतो आणि माणूस बोलता बोलता जातो. कुठला गप बसणार नि कुठला फुटणार, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून आम्ही स्कॅनवरून तो फुगा संगणकात उभा करतो, त्याचे बारा लाख बारीक तुकडे पाडतो आणि त्यातून रक्त सोडतो. धार कुठं आदळते, भिंतीला कुठं घासते, ते बघतो. मग डॉक्टर फुगा बुजवायला आत तार भरतात, तशी खोटी तार भरून बघतो, धार थंडावते का. हृदयाचा एक ठोका काढायला आमच्या संगणकाला एकोणीस तास लागायचे. माणसाला तेच काम सेकंदाच्या आत जमतं, आणि लाइट गेली तरी जमतं.

बाणूबाई माझी आत्या, माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली. मी दीड वर्षाचा असताना माझी आई गेली. तेव्हापासून आत्यानं मला वाढवलं. वाढवलं म्हणजे सतरा मेंढ्यांत अठरावा धरला. दोन्हीकडं तिचा आवाज एकच होता, त्यामुळं हाक आली की मी आणि मेंढ्या एकदमच वळायचो.

दोन हजार अकराच्या ऑक्टोबरात घरच्याच एडक्यानं तिला मागून धडक दिली. ती मेंढ्यांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर आपटली आणि उजव्या कानामागं लिंबाएवढं टेंगूळ आलं. तीन दिवस तिनं टेंगळाला हळद लावली आणि एडक्याला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी उलट्या व्हायला लागल्या म्हणून अप्पांनी तिला बिदरला नेलं. तिथं शिरेतून औषध सोडून डोक्याचा स्कॅन केला. टेंगळाखाली काही निघालं नाही. पण पार आत, मेंदूच्या तळाशी, दोन फुगे निघाले. एक डावीकडं, एक उजवीकडं, दोन्ही सहा मिलिमीटरचे. एडक्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. त्यानं फक्त पत्ता लावला.

अप्पांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या तरी फुग्याची संगणकात जाळी विणत बसलो होतो.

"अक्काच्या डोक्यात तुझं काम निघालंय बघ," अप्पा म्हणाले.

हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टर व्यंकट यांनी फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली. मग आम्हाला बसायला सांगितलं. डॉक्टरनं बसायला सांगितलं की मला उभं राहावंसं वाटतं.

दोन्ही एकदम करता येणार नव्हते. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून भरायची, म्हणजे रक्त आत शिरत नाही. हे एका वेळी एकाच फुग्याचं. दुसरा सहा महिन्यांनी. त्या सहा महिन्यांत मागं राहिलेला फुटला तर सगळं संपलं. तेव्हा आधी कुठला, एवढाच प्रश्न होता, आणि फिल्मवर दोघे जुळ्या भावांसारखे दिसत होते.

"डावीकडं काही बिघडलं तर वाचा जाऊ शकते," मी आत्याला समजावून सांगितलं. "उजवीकडं बिघडलं तर डावा हात."

"मग हात घ्या म्हनावं," आत्या म्हणाली. "मी बोलले न्हाई तर ह्या मेंढ्या न् ह्यो भीमाशंकर कोन आवरनार?"

भीमाशंकर म्हणजे अप्पा. ते शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुम्हारे लॅब में चला के देखो मियाँ. फिल्म से तो मेरे कू कुछ नहीं समझ रहा."

मी विजयश्री मॅडमना सांगितलं, पेशंट माझी आत्या आहे, दुसऱ्या कुणाला द्या. मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख, उदगीरच्या. दुसरं कोणी म्हणजे कोण, हा प्रश्नच होता, कारण विभागात आम्ही दोघंच आणि एक कूलर. "नाव लिहू नकोस, नंबर लिही," त्या म्हणाल्या. आत्या केस नंबर तेवीस झाली. नंबर लिहिला की नातं सुटतं असं त्यांना वाटत असावं. मलाही तेव्हा ते सोयीचं वाटलं.

बिदरचा स्कॅन सीडीवर आला होता, पण एरवी येतात तशा फायली नव्हत्या, नुसते फोटो होते. डोक्याचे आडवे काप, पातळ पातळ, दोनशे बारा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात इंग्रजी 'आर' छापलेलं होतं, ही बाजू पेशंटची उजवी, हे सांगणारं. संगणकाला ते अक्षर हाड वाटत होतं. दोनशे बारा फोटोंतून त्यानं आत्याच्या डोक्याशेजारी 'आर' आकाराचा एक उंच हाडाचा खांब उभा केला. मी हसलो आणि सगळ्या फोटोंचे कोपरे कापून टाकले. मग काप एकावर एक रचले. डोकं उलटं उभं राहिलं, टाळू खाली. मी ते फिरवून सरळ केलं. कामाच्या घाईत असं होतं.

पुढचे चार दिवस मी घरी फक्त अंघोळीला गेलो. एकोणीस तासांचे तीन ठोके काढले. एका फुग्यात रक्त संथ फिरत होतं, सावलीत बसलेल्या मेंढीनं रवंथ करावं तसं. दुसऱ्यात बारीक, जोरकस धार थेट टोकावर आदळत होती, आणि तिथली भिंत प्रत्येक ठोक्याला एकदा इकडं एकदा तिकडं ओढली जात होती. शंकेला जागा नव्हती. मी अहवाल लिहिला: धोका डावीकडच्याला, आधी तो करावा.

डावीकडचा म्हणजे वाचेच्या बाजूचा. ते वाक्य लिहून मी कूलरसमोर जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि मंगळवार ठरवला. आत्या तोवर मेहकरला परतली होती. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता. फोनवर ती म्हणाली, कौल घेतल्याशिवाय अंगठा नाही.

"आत्या, सगळं मोजून झालंय."

"व्हय की. त्येलाबी मोजू दे."

तो म्हणजे बिरोबा. आमच्या शिवाराच्या कडेला त्याचं ठाणं आहे. चार भिंती, वर पत्रा, आत मांडीएवढा काळा दगड. आमच्याकडं लग्न असो, जमीन घेणं असो, मेंढ्या कुठल्या अंगाला न्यायच्या ते असो, कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो. डावं पडलं तर नाही.

रविवारी सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. आत्या, अप्पा आणि मी. मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो, देवासमोर दोन्ही बाजू मांडाव्यात म्हणून. पुजारी राघोबामामा. त्यांनी पडद्यावर लाल-निळ्या शिरा फिरताना पाहिल्या.

"हे बाणूबाईचं डोकं?"

"व्हय मामा."

"सगळं?"

"नुसत्या शिरा."

"तरीच हलकं हाय," मामा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यांनी दगडाला पाणी घातलं, दोन पांढरी फुलं दोन खांद्यांवर लावली आणि मोठ्यानं विचारलं, "डावीकडचा आदी करायचा म्हंत्यात. करायचा आसंल तर उजवं दे. नसंल तर डावं दे. लेकराला फसवू नगंस."

मग आम्ही बसलो. कौलात घाई चालत नाही. आत्या फुलांकडं पाहत होती. मी आत्याकडं. तिच्या कानामागचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं, नुसतं पिवळसर पडलं होतं. छप्पन्न वर्षांची बाई, डोक्यात दोन फुगे घेऊन, दगडाचं उत्तर येईस्तोवर पापणी न हलवता बसली होती. मला वाटलं, आत्ता इथं फुटला तर. भालकीला पोचायला एक तास, बिदरला दोन. मी मनात रस्ते मोजत होतो.

वीसेक मिनिटांनी फूल पडलं. माझ्या उजव्या हाताचं.

"उजवं दिलं," मी म्हणालो. "चला अप्पा, दुपारची बस गाठू."

कुणी उठलं नाही. राघोबामामा माझ्याकडं, घरात पहिल्यांदाच आलेल्या जावयाकडं बघावं तसं बघत होते.

"डावं हाय त्ये," ते म्हणाले. "तुझं उजवं कोन इचारायलंय? देव हिकडं तोंड करून बसलाय. तू त्याच्या समोर हाईस, त्याच्या जागी न्हाईस."

"एवढा शिकला," अप्पा म्हणाले, "न् देवाचा उजवा कंचा त्ये ठाऊक न्हाई."

म्हणजे देवाचं उत्तर नाही होतं. मंगळवारला दोन दिवस उरले होते, आणि एका फुलानं माझे चार दिवस मोडीत काढले होते. मला राग आला. मी म्हणालो, माझ्या मशीननं एकेका ठोक्याला एकोणीस तास घेतलेत, वाऱ्यानं पडलेल्या फुलावर मी आत्याचा जीव टांगणार नाही.

"एकोनीस तास?" राघोबामामा म्हणाले. "देवाला ईस मिंटं लागली."

आत्यानं मामांना हातानं गप केलं. ती रागावली नव्हती. ती विचार करत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सिद्धू, मला एक सांग," ती म्हणाली. "तुझ्या त्या पेटीत डावा म्हंजी कुनाचा डावा? माझा का तुझा?"

मी हसलो. तिला समजावलं, की स्कॅनमध्ये पेशंट आपल्याकडं तोंड करून असल्यासारखा धरतात, या देवासारखाच. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. चूक व्हायला नको म्हणून कोपऱ्यात अक्षर छापतात.

"मग दाव की त्ये अक्षर."

"ते मी—" मी म्हणालो आणि थांबलो.

ते मी कापलं होतं.

आणि डोकं उलटं उभं राहिलं होतं. कापांची चळत खालून वर रचायची, ती मी वरून खाली रचली होती. तसं केलं की डोकं नुसतं उलटं होत नाही, आरशातलंही होतं. उलटेपणा डोळ्यांना दिसतो, तो मी सरळ केला होता. आरसा दिसत नाही. डाव्या हाताचा उजवा होतो, आणि नाक, डोळे, कवटी सगळं जागच्या जागी.

"कामून गप झालास?" अप्पांनी विचारलं.

मी माझं मॉडेल उघडलं आणि शिरांवर कवटी आणि कातडी चढवली. आत्याचं डोकं पडद्यावर उभं राहिलं, डोळे नसलेलं. मी ते हळूहळू फिरवलं. कानामागं टेंगूळ होतं. डाव्या कानामागं.

मग मी आत्याजवळ गेलो आणि तिच्या उजव्या कानामागं बोट ठेवलं. ती कळवळली.

"दुकतंय अजून," ती म्हणाली. "काय झालं?"

"धोका उजवीकडं आहे, आत्या. मी उलटं लिहिलं. डॉक्टर मंगळवारी चुकीचा फुगा भरणार होते, माझ्या कागदावरून."

मंगळवारी डावीकडं तार भरली असती. कदाचित सगळं नीट पार पडलं असतं. पेढे वाटले असते. आणि उजवीकडची धार सहा महिने, दर सेकंदाला एकदा, त्याच जागी आदळत राहिली असती, आणि आम्ही आत्याला निश्चिंत मनानं मेंढ्यांमागं पाठवलं असतं.

ठाण्यात मोबाइल लागत नाही. मी बांधापर्यंत पळत गेलो आणि डॉक्टर व्यंकटना फोन केला. सगळं सांगितलं; अक्षर कापलं तेही.

"बुध को बोलते तो मैं क्या करता मियाँ?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मैं भी तो नहीं पूछा. मेरी फिल्म पे तो आर लिखा था." आणि शेवटी, "मंगल कॅन्सल. नया चलाओ. इस बार मैडम के सामने."

परत आलो तेव्हा राघोबामामा फुलं गोळा करत होते. गावात दुपारपर्यंत बातमी गेली, की बिरोबानं मशीन पकडलं. मी म्हणालो, देवानं नाही, आत्यानं पकडलं. मामा म्हणाले, तिच्या तोंडून कोन बोललं?

बिदरहून मूळ फायली मागवल्या. विजयश्री मॅडम माझ्या मागं खुर्ची टाकून बसल्या आणि मी एकेक पायरी मोठ्यानं बोलत केली. निकाल तोच आला, बाजू बदलून. आधीच्या बावीस केसेसही आम्ही काढून तपासल्या. नुसत्या फोटोंवरून केलेल्या आणखी दोन होत्या. दोघांनाही एकच फुगा होता, त्यामुळं माझ्या आरशानं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, नशीब. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

शुक्रवारी आत्याला आत नेलं. नव्या कागदावर 'उजवी' लिहिलं होतं. अंगठा उठवायच्या आधी तिनं माझ्याकडं पाहिलं. "आता नक्की?"

"आता बाजू नक्की आहे," मी म्हणालो. "बाकीचं नाही."

तिनं अंगठा दाबला.

साडेतीन तासांनी डॉक्टर व्यंकट बाहेर आले. तार बसली होती, धार बंद झाली होती. फुग्याचं टोक, ते म्हणाले, कागदासारखं पातळ झालं होतं. पण तार बसवताना रक्ताची एक बारीक गुठळी सुटून पुढं गेली. त्यांनी ती औषधानं विरघळवली. पूर्ण नाही.

संध्याकाळी तिला जाग आली. डॉक्टरांनी नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, अप्पांनी सदरा उलटा घातल्याचं सांगितलं. अप्पांनी खाली बघितलं. खरंच उलटा होता. ते रडायला लागले.

"दोन्ही हात उचला, अम्मा."

उजवा उठला. डावा चादरीवरून थोडा सरकला आणि थांबला. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं, कुणी दुसऱ्यानं तिथं विसरून ठेवल्यासारखं.

"मी बोलले हुते हात घ्या म्हनून," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, पुष्कळसं परत येईल, बोटं रोज चोळा, डोळे मिटून कुठलं बोट धरलंय ते ओळखायला लावा. डावीकडचा फुगा ते आता घाईनं करणार नव्हते, दर वर्षी स्कॅन काढून बघणार होते. आमच्या संगणकातला तो संथ फुगा. संथ म्हणजे कायमचा संथ का, हे मला कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी वॉर्डात बसून मी केस तेवीसची फाइल बंद करायला घेतली. शेवटी एक रकाना होता, उपचाराचा परिणाम. दोनच पर्याय: यशस्वी, अयशस्वी. एक निवडल्याशिवाय फाइल मिटत नाही. हा रकाना मीच केला होता, मागच्या वर्षी, चहा पिता पिता.

"काय लिहायलास?" आत्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

ती छताकडं बघत राहिली. "जिती हाय म्हनून न्हाई का लिहिता येत?"

"पर्याय नाही."

"मग ऱ्हाऊ दे उघडी."

मी लॅपटॉप तसाच खाली ठेवला आणि तिचा डावा हात मांडीवर घेतला. तिनं डोळे मिटले. मी करंगळी दाबली.

"करंगळी."

अनामिका.

"तिच्या बाजूची."

मधलं बोट मी दोनदा दाबलं. ती गप राहिली. मग म्हणाली, "आसंल तिथं कायतरी." तर्जनीला तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मी अंगठा धरला. वॉर्डात कुणाचं तरी मूल रडत होतं, अप्पा खिडकीशी पाठ करून उभे होते. मी दाबला. थांबलो. परत दाबला, जरा जोरानं. आत्याच्या कपाळावर आठी पडली, एडका कुठं गेला ते लांबवर शोधताना पडते तशी. ती शोधत होती. मी हात सोडला नाही.